थोडे, थोडेच आणि इंग्रजीतला 'अ'

'इंग्रजीच्या अभ्यासाविषयी काहीतरी लिहून द्या,' अशी गळ संपादकांनी घातली, तेव्हा विषय शोधण्याची मला अडचण पडली नाही. अडचण पडली ती धैर्याची. या महाविद्यालयात मी अनेक वर्षे इंग्रजी शिकवले, हजारो उत्तरपत्रिका तांबड्या शाईने रंगवल्या आणि विद्यार्थ्यांच्या चुका वर्गात फळ्यावर मांडल्या. पण ज्या एका चुकीमुळे मी व्याकरण मन लावून शिकलो, ती माझी स्वतःची चूक मात्र कधी फळ्यावर आली नाही. आता निवृत्त होऊनही बराच काळ लोटला आहे. तेव्हा ती सांगावयास हरकत नसावी.

1970 नंतरच्या दशकातली गोष्ट. मी बेळगावकडून एम. ए. साठी बडोद्याला गेलो होतो. शहराचे सरकारी नाव 1974 पासून वडोदरा झाले. पण तिथल्या मराठी माणसाच्या तोंडी ते तेव्हाही बडोदेच होते. माझे मामा दांडिया बाजारात राहत. गायकवाडी राज्यात त्यांनी कारकुनी केली होती, आणि 1949 साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाल्यावर पुढे सरकारी नोकरी. मामांचे घर दोन खोल्यांचे, माणसे सात. म्हणून मी एका खाजगी वसतिगृहात जागा घेतली. वसतिगृहात चाळीसएक मुले होती. बहुतेक गुजराती, आम्ही मराठी सात-आठ आणि माझा रूम-पार्टनर धारवाडकडचा, घरी कन्नड बोलणारा. आम्हा दोघांचे संभाषण मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्हींच्या खिचडीत चाले.

ऐन पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येऊ लागले. आधी दोन मुलांना ताप व जुलाब सुरू झाले, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत अकरा मुले अंथरुणाला खिळली. डॉक्टर बोलवायचा तर व्यवस्थापकांची परवानगी हवी, आणि ते गावात दुसऱ्या टोकाला राहत. मी 'इंग्रजीचा एम. ए.', म्हणून चिठ्ठी लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी ऐटीत लिहिले : 'फ्यू स्टुडंट्स आर इल. देअर इज लिटल फीव्हर अँड लूज मोशन्स. काइंडली सेंड द डॉक्टर.'

दुसऱ्या दिवशी दुपारी चिठ्ठी परत आली. खाली शेरा होता, अर्थातच इंग्रजीत : आजारी मुले फारशी नाहीत आणि तापही नसल्यासारखाच आहे असे आपणच लिहिता, तेव्हा डॉक्टरांची आवश्यकता दिसत नाही, मुलांनी विश्रांती घ्यावी.

मला तो माणूस निर्दय वाटला. संतापाच्या भरात चिठ्ठी खिशात घालून मी दांडिया बाजार गाठला. मामांकडून डॉक्टरांच्या फीपुरते पैसे घ्यावेत हा हेतू. मामांनी चिठ्ठी चष्म्याशी धरून दोनदा वाचली आणि विचारले, "अरे, यात 'अ' कुठे आहे?"

"कुठला 'अ', मामा?"

"'फ्यू'च्या आधीचा. 'लिटल'च्या आधीचा. तुला काय म्हणायचे होते ते मराठीत सांग."

"थोडी मुले आजारी आहेत. थोडा ताप आहे."

"आणि लिहिलेस काय माहीत आहे? थोडीच मुले आजारी आहेत. तापही थोडाच आहे. मग डॉक्टर कशाला? त्या गृहस्थांनी तुझे वाचले ते बरोबर वाचले."

बरोबर वाचले हे खरे. तरी आजही मला वाटते की, ज्याने चिठ्ठीच्या शेवटी डॉक्टर मागितला आहे त्याला काहीतरी निकडीचे सांगायचे असावे, एवढे ओळखायला व्याकरण लागत नाही. पण ते त्यांच्या पदरात. माझ्या पदरात आला तो 'च'.

मामांनी त्या संध्याकाळी जे सांगितले ते मला पुढे कुठल्याही जाडजूड व्याकरणात इतके सोपे करून सांगितलेले आढळले नाही. इंग्रजीत 'अ फ्यू' आणि 'अ लिटल' म्हणजे आपले 'थोडे', 'थोडेसे', 'काही' : आहे, फार नाही, पण आहे. नुसते 'फ्यू' आणि नुसते 'लिटल' म्हणजे आपले 'थोडेच', 'फारसे नाही' : असून नसल्यासारखे. पहिल्यात बोलणाऱ्याची नजर जे आहे त्याच्यावर असते, दुसऱ्यात जे नाही त्याच्यावर. दोन्ही वेळी मुले अकराच असू शकतील. भांड्यातले दूध तेवढेच. एक जण म्हणतो, 'थोडे दूध आहे, चहा होईल,' दुसरा म्हणतो, 'थोडेच दूध आहे, चहा कसला करतोस?' पहिल्याच्या इंग्रजीत 'अ लिटल मिल्क' येईल, दुसऱ्याच्या इंग्रजीत 'लिटल मिल्क'.

यातली गंमत अशी की, मराठी हा फरक शब्द वाढवून करते आणि इंग्रजी शब्द गाळून करते. आपण 'थोडे'ला 'च' जोडतो. इंग्रज 'अ' काढून टाकतो. म्हणून मराठी विद्यार्थी 'अ' विसरला की त्याला वाटते आपण एक फालतू अक्षर गाळले, काय बिघडले? बिघडते ते हे की, नकळत त्याने वाक्यात 'च' घातलेला असतो. गुजरातीतही आपल्यासारखेच आहे; तिथे 'थोडुं' आणि 'थोडुं ज'. कन्नडमध्ये 'स्वल्प' आणि 'स्वल्प मात्र'. म्हणजे बडोद्याच्या त्या वसतिगृहातल्या कोणत्याही मुलाने, मग तो आमच्यापैकी कुठल्याही भाषेचा असो, ती चिठ्ठी तशीच लिहिली असती. याने माझे समाधान झाले नाही. एम. ए. मी होतो.

मामांनी तेही बोलून दाखवले. "आमचे सयाजीराव महाराज 1875 साली कवळाण्याहून दत्तक आले तेव्हा बारा वर्षांचे होते आणि अक्षरओळखही नव्हती. मग मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी शिकले. तुला तर पाचवीपासून इंग्रजी आहे." मामांच्या बोलण्यात महाराज कुठूनही येत. त्यांच्या जुन्या कचेरीत 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा ग्रंथ असे. 1931 साली निघालेला हा राज्यकारभारातल्या शब्दांचा कोश. त्यात इंग्रजी, गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, उर्दू, फारसी आणि बंगाली अशा आठ भाषांतले प्रतिशब्द शेजारी शेजारी दिलेले आहेत. राज्यकारभाराच्या शब्दांना अशी रकान्यांची मांडणी मानवते. पण 'थोडे' या शब्दाला ती मानवणार नाही. त्याच्यापुढे इंग्रजीच्या रकान्यात एक शब्द लिहून भागत नाही, चार लिहावे लागतात : अ फ्यू, फ्यू, अ लिटल, लिटल. 'अ' असणे आणि नसणे यांचा झगडा आपण पाहिला. आता 'फ्यू' आणि 'लिटल' असे दोन का, ते पाहू. परिमाण दाखवणाऱ्या शब्दांची मुख्य गोम तिथेच आहे.

मराठीत आपण म्हणतो : थोडा वेळ, थोडी साखर, थोडे पाणी, थोडी मुले, थोड्या वह्या. 'थोडा' हे विशेषण नामाला दोनच गोष्टी विचारते : तुझे लिंग कोणते आणि तू एकवचनी की अनेकवचनी? उत्तराप्रमाणे ते आपले शेपूट बदलते. इंग्रजी विशेषणाला लिंगाशी कर्तव्य नाही. त्याचा प्रश्न निराळा आहे : तुला एक, दोन, तीन असे मोजता येते काय? येत असेल तर 'मेनी', 'फ्यू', 'सेव्हरल'. येत नसेल तर 'मच', 'लिटल'. पहिल्या जातीच्या नामांना गणनीय म्हणू, दुसऱ्या जातीच्या नामांना अगणनीय. मुले, वह्या, आंबे ही गणनीय. पाणी, वेळ, साखर ही अगणनीय. 'सम', 'एनी', 'इनफ', 'अ लॉट ऑफ', 'प्लेंटी ऑफ' हे शब्द दोघांशीही सलोख्याने राहतात, म्हणून शंका आल्यास त्यांचा आश्रय घ्यावा.

प्रश्न विचारतानाही हाच भेद. आपल्या 'किती'ला कशाचेच सोयरसुतक नाही. किती पाणी, किती मुले, किती साखर; 'किती' जागचा हलत नाही. कन्नडचा 'एष्टु' त्याचाच भाऊ. गुजराती 'केटलुं' मात्र लिंगवचनाप्रमाणे बदलते. बडोद्याच्या खंडेराव मार्केटात भाजी घेताना माझी तिथे रोज फजिती होई. 'केटला' म्हणू की 'केटली', या विचारात भाव करायचे राहून जाई. पण तीनही भाषांत संख्या व परिमाण यांना प्रश्नशब्द एकच. इंग्रजीत दोन : 'हाऊ मेनी' आणि 'हाऊ मच'. (उलटपक्षी, 'सयाजीराव हे बडोद्याचे कितवे राजे?' हा साधा प्रश्न इंग्रजीत विचारून पाहा. 'कितवा'ला इंग्रजीत सरळ शब्दच नाही. प्रत्येक भाषेच्या घरात एखादे भांडे नसतेच.)

म्हणून मराठीत ही जाणीव नाही असे समजू नका. ती कोपऱ्याकोपऱ्यांत आहे. 'अनेक माणसे' म्हणतो, 'अनेक पाणी' म्हणत नाही. 'जरा पाणी दे' म्हणतो, 'जरा मुले आली' म्हणत नाही. पाणी मुबलक असते, मुले मुबलक नसतात. कन्नडमध्ये तर ही जाणीव आणखी स्पष्ट आहे. 'केलवु' म्हणजे काही आणि 'हलवु' म्हणजे पुष्कळ हे दोन्ही शब्द मोजता येणाऱ्या वस्तूंनाच लागतात. 'केलवु विद्यार्थिगळु' होते, पण 'केलवु नीरु' होत नाही, तिथे 'स्वल्प नीरु'च म्हणावे लागते. हे मला माझ्या रूम-पार्टनरने त्या आजारातून उठल्यावर सांगितले. तेव्हा या अंकाच्या कन्नड विभागाच्या वाचकांना 'मेनी' आणि 'मच' शिकताना आपल्यापेक्षा एक पायरी कमी चढावी लागते.

आता विद्यार्थ्यांची खरी अडचण. मोजता येते की येत नाही हे ठरवायचे कोणी? वस्तूने की भाषेने? वर्गात मी 'मनी हे अगणनीय नाम आहे' असे म्हटले की हमखास हशा पिके. जगात माणूस जर काही मन लावून मोजत असेल तर ते पैसेच! पण नीट पाहिले तर आपण मोजतो ते रुपये. गायकवाडी राज्यात बाबाशाही रुपये चालत, आता आपले रुपये चालतात, इंग्रज पौंड मोजतो. 'मनी' हे त्या सगळ्यामागचे धन आहे, आणि धन आपणही मोजत नाही. 'दोन धने' असे कोणी म्हणेल काय? (म्हणेल, पण मसाल्याच्या दुकानात.) फरक एवढाच की मराठीने 'पैसे' हा शब्द अनेकवचनी ठेवला आणि इंग्रजीने 'मनी' एकवचनी. म्हणून 'पैसे थोडे आहेत' चे इंग्रजी 'फ्यू मनी' होत नाही.

धान्याचेही तसेच. आपण तांदूळ निवडतो, गहू दळतो, पोहे भिजवतो. आपल्या डोळ्यांपुढे दाणे असतात, म्हणून ही नामे अनेकवचनी चालतात : गहू महागले, पोहे संपले. पण डाळ महागली आणि ज्वारी संपली. तिथे दाणे दिसत नाहीत काय? इंग्रजीत 'राइस' आणि 'व्हीट' अगणनीय, पण 'ओट्स' मात्र अनेकवचनी. यात तर्क शोधू नये. वाटाण्याची तर गंमतच आहे. जुन्या इंग्रजीत 'पीज' हे एकवचन होते. त्यातला शेवटचा उच्चार लोकांना अनेकवचनाचा प्रत्यय वाटला, म्हणून त्यांनी तो काढून 'पी' हा नवाच एकवचनी शब्द बनवला. साहेबही चुका करतो. त्याच्या चुका कोशात जातात, आपल्या उत्तरपत्रिकेत.

विद्यार्थी ज्या शब्दांवर अडखळतात त्यांचे मी दोन ढीग करीत असे. पहिला ढीग अशा शब्दांचा की जे मराठीतही अनेकवचनात सहसा येत नाहीत. माहिती, सामान, फर्निचर, प्रगती. 'माहित्या मिळवल्या' असे आपण म्हणत नाही, आणि तरी उत्तरपत्रिकेत 'इन्फर्मेशन्स' येते! स्टेशनावरचा हमाल 'तीन सामाने' म्हणत नाही, 'सामानाचे तीन नग' म्हणतो. इंग्रजीत नेमके हेच करतात : 'थ्री पीसेस ऑफ लगेज'. हमालाला जे कळते ते पदवीच्या विद्यार्थ्याला कळू नये याचे मला नेहमी नवल वाटत आले. या ढिगातल्या चुकांना मी क्षमा केली नाही. इथे इंग्रजी शिकायचीच नाही, आपले कान उघडे ठेवायचे आहेत.

दुसरा ढीग खरोखरीच कठीण. बातम्या, सल्ले, पुरावे, कामे, केस, साबण, खडू : मराठीत ही सारी अनेकवचने बिनतक्रार होतात, इंग्रजीत 'न्यूज', 'अ‍ॅडव्हाइस', 'एव्हिडन्स', 'वर्क', 'हेअर', 'सोप', 'चॉक' ही अगणनीय. आम्ही प्राध्यापक मंडळीसुद्धा शिपायाला 'टू चॉक्स' आणायला पाठवतो, आणि तो बिचारा आणतोही. शुद्ध बोलायचे तर 'टू पीसेस ऑफ चॉक'. बातमी 'अ‍ॅन आयटम ऑफ न्यूज', सल्ला 'अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस', साबण 'अ केक ऑफ सोप'. म्हणजे हमालाचा 'नग' इथेही उपयोगी पडला; फक्त तो आपल्याला साबणालाही लावावा लागतो. आपल्याकडे चिमूटभर मीठ, ओंजळभर फुले, घोटभर पाणी, पसाभर तांदूळ असे 'भर' लावून केलेले किती नेमके शब्द आहेत! ज्याच्या घरात 'घोटभर' आहे त्याने 'पीस ऑफ'ला भिऊ नये.

याच ढिगात दुसरे काटे आहेत. तेच नाम एका अर्थी अगणनीय आणि दुसऱ्या अर्थी गणनीय असते. 'वर्क' म्हणजे काम, त्याचे अनेकवचन नाही. पण 'वर्क्स' म्हणजे कारखाना. बडोद्यात 1907 साली निघालेल्या अलेंबिक केमिकल वर्क्सच्या नावात हा शब्द होता. लहान मामेभावाने एकदा मला विचारले होते, 'एवढा मोठा कारखाना, आणि नाव चुकीच्या इंग्रजीत कसे?' मी त्याच्या शंकेची तारीफ केली. 'पेपर' म्हणजे कागद हा अगणनीय, पण वर्तमानपत्र किंवा प्रश्नपत्रिका या अर्थी 'टू पेपर्स' होतात. 'एक्स्पीरिअन्स' म्हणजे नोकरीतला मुरलेला अनुभव अगणनीय; प्रवासात आलेले बरेवाईट अनुभव गणनीय. डोक्यावरचे 'हेअर' अगणनीय, पण आमटीत सापडलेला एक केस 'अ हेअर'. चहाच्या दुकानात तर दोन्ही भाषा एक होतात. चहा हा पदार्थ मोजता येत नाही, पण 'दोन चहा, एक कॉफी' असे आपण सांगतो आणि लंडनातला माणूसही 'टू टीज' म्हणतो. दोघेही कपच मोजतात. आपली 'कविता' यापुढे गेली आहे : 'तिने एक कविता लिहिली' आणि 'मराठी कविता बदलली', दोन्हीकडे शब्द तोच, इंग्रजीत मात्र पहिलीला 'पोएम' आणि दुसरीला 'पोएट्री' असे वेगवेगळे शब्द.

'मच'विषयी एक सूचना करून पुढे जातो, कारण पाठ्यपुस्तके ती करीत नाहीत. 'आय हॅव मच वर्क' हे वाक्य व्याकरणाला धरून असले तरी इंग्रजाच्या कानाला पुस्तकी लागते. होकारार्थी साध्या वाक्यात तो 'अ लॉट ऑफ वर्क' म्हणतो. 'मच' त्याच्या तोंडी मुख्यतः नकारात आणि प्रश्नात येतो.

'लेस' आणि 'फ्युअर' यांच्याबद्दल मला फार कडक राहता आले नाही. नियम असा की, अगणनीयाला 'लेस', गणनीयाला 'फ्युअर' : 'लेस वॉटर', 'फ्युअर स्टुडंट्स'. पण हा नियम इंग्रजीच्या जन्माबरोबर आलेला नाही. नवव्या शतकातला राजा आल्फ्रेड मोजता येणाऱ्या गोष्टींनाही 'लेस'चे जुने रूप वापरी. 1770 साली रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाने, मला इथे 'फ्युअर' अधिक बरे वाटते, अशा मवाळ भाषेत आपली आवड सांगितली, आणि पुढच्या शाळामास्तरांनी तिचा कायदा केला. इंग्लंडातल्या दुकानांत 'दहा किंवा त्याहून कमी वस्तू' अशा पाट्यांवर 'लेस' असे, त्यावरून एवढी हाकाटी झाली की 2008 साली टेस्को या दुकानवाल्यांनी तो शब्दच टाळून 'अप टू टेन आयटम्स' असे लिहायचे ठरवले. परीक्षेत 'फ्युअर' लिहा. बोलण्यात एखाद्याने 'लेस' म्हटले तर त्याचा उपहास करू नका. शिवाय अंतर, पैसा आणि काळ यांत आकडा असला तरी आपण तो एकच ढीग मानतो, म्हणून 'लेस दॅन फिफ्टी रुपीज' हेच बरोबर.

पुन्हा 'अ फ्यू'कडे येतो, कारण त्याच्या कुटुंबात एक लबाड नातेवाईक आहे. 'ओन्ली अ फ्यू' म्हणजे थोडेच. इथे 'अ' असूनही 'ओन्ली'ने 'च'चे काम केले. पण 'क्वाइट अ फ्यू' म्हणजे थोडे नव्हेच, चांगले बरेच! बाहेरगावच्या एका समारंभाच्या अहवालात 'क्वाइट अ फ्यू पीपल' आले होते असे वाचून, 'गर्दी झाली नाही वाटते' असे म्हणणारे सद्गृहस्थ मी पाहिले आहेत.

'अ फ्यू'ला मराठीत सगळ्यांत चांगला प्रतिशब्द कोणता, असे मला विचाराल तर मी 'थोडे' म्हणणार नाही, 'काही'ही म्हणणार नाही. मी 'चार' म्हणेन. 'चार दिवस राहून ये', 'चार पैसे गाठीला बांध', 'चार लोक काय म्हणतील?' यांतल्या चाराला कोणी बोटे मोजत नाही. कन्नडमध्येही 'नाल्कु जन' असेच बोलतात, आणि गुजराती वक्ता 'बे शब्द' बोलायला उभा राहतो तसा आपला 'दोन शब्द' बोलायला उभा राहतो. ते दोन शब्द अर्ध्या तासात संपले तर श्रोत्यांचे नशीब. 'चाळीसएक', 'शंभरेक' यांतला 'एक' पाहा. तो संख्येला चिकटून तिला सैल करतो. 'अ फ्यू'तला 'अ'ही मुळात 'एक'च आहे : एक लहानसा गट. म्हणूनच पुढे अनेकवचन असूनही तो तिथे शोभतो. हे मला फार उशिरा उमगले, आणि तेव्हापासून मी वर्गात 'चाळीसएक'वरूनच 'अ फ्यू' शिकवू लागलो.

पण त्या संध्याकाळी दांडिया बाजारात हे काही मला ठाऊक नव्हते. मामांनी दहा रुपये काढून दिले, शाईची दौत पुढे सरकवली आणि नवी चिठ्ठी लिहायला बसवले. मी शहाणपणाने लिहिले : 'अ फ्यू स्टुडंट्स आर इल.' मामांनी तेही खोडले.

"किती मुले आहेत?"

"अकरा."

"आकडा माहीत आहे ना? मग आकडा लिही. 'अ फ्यू' हे आकडा माहीत नसणाऱ्याने लिहायचे असते."

मी लिहिले की अकरा विद्यार्थी आजारी आहेत आणि त्यांतल्या तिघांना उभेही राहता येत नाही. चिठ्ठी घेऊन परत आलो तेव्हा अंधार पडला होता. माझा रूम-पार्टनर हाकेला ओ देत नव्हता. खाली पेन्सिलीने मी आणखी एक ओळ वाढवली आणि एका गुजराती मुलाने सायकलवरून ती चिठ्ठी नेली. डॉक्टर तासाभरात आले. मामांचे दहा रुपये रुग्णालयापर्यंतच्या रिक्षात आणि बाहेरून आणाव्या लागलेल्या एका औषधात गेले. तो नऊ दिवस तिथे होता.

आज तो हुबळीला असतो. आपला अंक मी त्याला दर वर्षी पाठवतो. कन्नड विभाग तो स्वतः वाचतो, आणि मराठी विभाग सुनेकडून वाचून घेतो. ती मिरजेची आहे. डॉक्टर एक दिवस उशिरा का आले, हे त्याने मला कधी विचारले नाही आणि मीही आजवर सांगितले नव्हते.